एक मांदेली कुणी घेत नाही

एक पापलेट विकत घेता येतं. एक सुरमई घेता येते, आणि घेणारा ती घरी नेईपर्यंत वाटेत भेटेल त्याला पिशवीतली शेपटी दाखवत जातो. जिताडा मिळाला तर माणूस चार दिवस दुसरं काही बोलत नाही. पण एक मांदेली विकत घेतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही घ्यायला गेलात तर कोळीण आधी तुमच्याकडे काळजीने बघेल आणि मग घरी मांजर आहे का म्हणून विचारेल.

मासळीबाजारात प्रत्येकाचा मान ठरलेला आहे. पापलेटं बर्फावर, एकमेकांना धक्का न लावता पहुडलेली. रावस, हलवा, घोळ यांची स्वतंत्र बैठक. बांगडे नगावर जातात. मांदेलीचा मात्र वाटा असतो. पाटीच्या कडेला ओंजळीने रचलेले ढीग. त्यात किती आहेत हे मांडणारीला ठाऊक नसतं, घेणाऱ्यालाही नको असतं.

"मावशी, मांदेली कशी?"

"पन्नास वाटा. घे, सकालची हाय."

"एवढीशीच? अजून घाला की थोडी."

आणि मावशी तिसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न बघता, मूठभर मांदेली ढिगावर टाकते. हे औदार्य पापलेटाच्या बाबतीत मागून दाखवा. अर्धं पापलेट वर घालणारी मावशी जन्माला यायची आहे. खरं सांगायचं तर मांदेली हे मासळीबाजारातलं सुट्टं चलन आहे. महागाच्या सौद्यात गिऱ्हाईक रुसलं की त्याच्या पिशवीत चार मांदेल्या पडतात आणि ते हसत घरी जातं. आपण हजार रुपयांना नाडले गेलो हे त्याला संध्याकाळी कळतं, तोवर मांदेली तळून झालेली असते.

मांदेलीकडे एकेकटी म्हणून पाहण्याचे कष्ट फक्त शास्त्रज्ञांनी घेतले, आणि त्यातही पहिला मान परदेशी माणसांचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्याँ-जाक द्युसुमिए नावाचा फ्रेंच व्यापारी हिंदी महासागरात जहाजं घेऊन फिरत असे. बोर्दोचा माणूस, जन्म 1792चा. व्यापार करता करता या गृहस्थाला प्राणी गोळा करायचा नाद लागला, आणि जे सापडेल ते तो पॅरिसच्या संग्रहालयाकडे पाठवू लागला. तिथे जॉर्ज क्यूव्हिए आणि आशिल व्हॅलेन्सिएन यांनी जगातल्या सगळ्या माशांची नोंद करायचा विडा उचलला होता. 1828 साली पहिला खंड निघाला, 1832 साली क्यूव्हिए वारले, आणि पुढचं सगळं व्हॅलेन्सिएनच्या गळ्यात पडलं. बाविसावा खंड 1849 साली निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी मांदेलीचा नंबर लागला आणि तिला कॉइलिया डुसुमिएरी असं भारदस्त नाव मिळालं. मावशीच्या पाटीवर ते कधी पोहोचलं नाही, ते बरंच झालं.

द्युसुमिएचं नाव एकट्या मांदेलीला मिळालं असतं तर तिला मिरवता तरी आलं असतं. पण खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी आपली निवटी आहे ना, तीही बोलिऑफ्थाल्मस डुसुमिएरी. आणि दक्षिणेतल्या सपाटीवरचा करडा वानर आहे, देवळाच्या कळसावर बसून नारळ पळवणारा, त्यालाही नाव मिळालं सेम्नोपिथेकस डुसुमिएरी. म्हणजे एक झाडावरचा, एक चिखलातली आणि एक पाण्यातली, असे तिघे बोर्दोच्या एका व्यापाऱ्याचं आडनाव लावून आपल्याकडे सुखाने नांदत आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही त्याचा काही उपयोग नाही. व्यापाऱ्याचं नाव मात्र टिकलं. त्याने काय विकलं आणि त्यात किती कमावलं हे आज कुणी विचारत नाही.

आता खरंच एक मांदेली तळहातावर घेऊन बघा. लांबी वीतभर भरली तर ती मोठी म्हणायची. वीस सेंटीमीटरच्या पुढे ती सहसा जात नाही. डोकं बोथट, नाकाचा शेंडा पुढे आलेला आणि त्याच्याखाली तोंड. तोंड हे या कुळाचं वैशिष्ट्य. जबडा डोळ्याच्याही मागेपर्यंत फाटलेला, त्यामुळे मेल्यावरही तिच्या चेहऱ्यावर, आत्ताच कुणीतरी भाव सांगितला असावा, असं आश्चर्य असतं. छातीच्या पराला खालून लांब सुटे धागे लोंबतात. अंग मागे निमुळतं होत जातं आणि पोटाखालचा लांबलचक पर जाऊन शेपटीला मिळतो. नेहमीची माशाची दुभंगलेली, ऐटदार शेपटी हिच्या वाट्याला आलेलीच नाही. निसर्गाने डोक्याकडून सुरुवात उत्साहाने केली आणि शेवटाकडे येईतो त्याचं साहित्य संपलं.

पण रंग! ताज्या मांदेलीचा सोनेरी रंग ज्याने पाहिला त्याला पापलेटाची चांदी फिकी वाटते. आणि पोटाच्या बाजूने ओळीने बसवलेले मोत्यासारखे ठिपके. हे ठिपके नुसती नक्षी नाही, ते प्रकाश देणारे अवयव आहेत. हेरिंग, तारली, पाला, मांदेली असा मोठा गोतावळा असलेल्या या माशांच्या गणात स्वतःचा दिवा बाळगणारी मंडळी जवळजवळ नाहीतच. जपानचे यता हानेदा हे आयुष्यभर उजळणाऱ्या जीवांच्या मागे फिरलेले शास्त्रज्ञ. त्यांनी 1961 साली मुंबईच्या पाण्यातल्या या उजेडाविषयी लिहिलं. मुंबईत त्या आधी आणि नंतर किती मांदेली तळली गेली असेल, पण आपण दिवे तळतो आहोत असं कुणाच्या मनात आलं नाही. 2017 साली केंद्र सरकारने एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर बंदी घातली. मांदेलीचे घरचे दिवे त्यातून वगळले असावेत.

दिवे लागायचं कारण तिच्या पत्त्यात असेल असं मला आपलं वाटतं. मांदेली गढूळ पाण्याची रहिवासी. गुजरातपासून रायगडपर्यंतचा समुद्र हा तिचा मुलूख, आणि मग एकदम पूर्वेला ओडिशा-बंगालचा किनारा, तिथे तिला आमोदी म्हणतात. मधला केरळ-तमिळनाडूचा सगळा किनारा तिने जवळजवळ सोडूनच दिला आहे. बोंबलाचंही असंच. एक पाय खंभातच्या आखातात आणि दुसरा गंगेच्या मुखाशी. दोन्हीकडे मोठ्या नद्या गाळ आणून ओततात आणि दोन्हीकडे भरती-ओहोटीचा ओघ जबरदस्त. मालदीवला जाऊन आलेली मंडळी जुहूच्या किनाऱ्यावर उभी राहून "शी, आपला समुद्र किती मातकट" म्हणतात. त्यात आपण सोडलेली घाण आहे, हे कबूल. पण मातकटपणा समुद्राचा स्वतःचाही आहे, नर्मदा-तापीने दिलेला आहे, आणि त्यावरच बोंबील, जवळा, मांदेली पोसली जाते. पाणी नितळ निळं असतं तर फोटो छान आले असते आणि ताटात काही आलं नसतं.

या ओघावरच डोल चालते. डोल म्हणजे नरसाळ्याच्या आकाराचं प्रचंड जाळं. तोंड मोठं, मग निमुळतं होत होत शेवटी बारीक आसाचा खोला. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकून किंवा दोरखंडाने ते बांधून ठेवायचं, तोंड प्रवाहाच्या समोर. मग भरतीचं पाणी जे आणील ते आत. पाणी थबकलं की जाळं ओढायचं. पुढे ओहोटीचं पाणी उलट दिशेने काय देतं ते पाहायचं. सातपाटी, अर्नाळा, वसई, उत्तन, वर्सोवा इथल्या कोळ्यांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलं. माशाच्या मागे धावायचं नाही, माशाच्या वाटेवर बसायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओघ वाढतो तेव्हा डोलीला काम असतं, भांगाच्या मंद पाण्यात डोलकर जरा सैल होतो. कॅलेंडर दाखवणारा इथे चंद्र आहे, आणि त्याच्याकडे रजेचा अर्ज चालत नाही.

डोलीच्या खोल्यात मांदेली एकटी नसते. जवळा असतो, करंदी असते, बोंबील असतात, ढोमा असतो. हल्ली प्लास्टिकच्या पिशव्याही असतात, त्यांचा वाटा लावत नाहीत एवढंच. गंमत अशी की या मंडळींचे आपसातले संबंध बाजारात दिसतात तेवढे सलोख्याचे नाहीत. मांदेली जवळ्यावर जगते. बोंबील जवळाही खातो आणि मांदेलीही खातो, आणि काहीच नसेल तर स्वतःची पिल्लंही सोडत नाही. तो मऊ, लुळा, पाणीदार बोंबील, ज्याला आपण तळायच्या आधी पाट्याखाली दाबून ठेवतो, तो तिकडे खाली मोठा दरोडेखोर आहे. 1956 साली बाळ आणि जोशी या अभ्यासकांनी मुंबईच्या मांदेलीवर निबंध लिहिला. मांदेलीच्या पोटात काय असतं हे कुणीतरी कढईच्या आधी बघितलं याचं मला फार बरं वाटतं. आपण तर आतलं काढून टाकण्यापुरतेच तिच्या अंतरंगात शिरतो.

दिवे असोत वा नसोत, एकटी मांदेली समुद्रातही काही कामाची नाही. ती थव्यात असते. आणि थवा म्हणजे काय, हा प्रश्न मोठमोठ्या डोक्यांना पुरून उरला आहे. हजारो मासे एकदम डावीकडे वळतात, एकदम थांबतात, आणि कुणी कुणाला धडकत नाही. पुढारी कोण? कुणी नाही. जो पुढे असतो तो वळण घेतलं की कडेला जातो आणि कडेचा पुढे येतो. 1976 साली पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल या तिघांनी प्रयोग केला. थंड समुद्रातल्या सेथ जातीच्या माशांच्या डोळ्यांवर तात्पुरती झाकणं बसवली, काही म्हणजे काही दिसू नये अशी, आणि त्यांना थव्यात सोडलं. ते मासे आपली जागा राखून व्यवस्थित पोहत राहिले. शेजारी हलला की पाणी हलतं आणि पाण्याची ती हालचाल माशाला अंगावर जाणवते. अंगावर तशी एक रेषाच असते. मांदेलीच्या गणात मात्र ही रेषा अंगावर नाही, ती सगळी यंत्रणा डोक्यात गोळा झालेली आहे आणि थेट कानाशी जोडलेली आहे. म्हणजे शेजाऱ्याकडे चाललेली हालचाल मांदेली डोक्याने ऐकते.

आमच्या सोसायटीत छत्तीस बिऱ्हाडं आहेत. चेअरमन आहेत, सेक्रेटरी आहेत, खजिनदार आहेत, आणि टाकीची गळती या विषयावर सगळे मिळून एकाच दिशेला वळल्याचं उदाहरण सभेच्या वहीत नाही. आम्हीही शेजाऱ्याची हालचाल डोक्याने ऐकतो, भिंतीला कान लावायचीही गरज पडत नाही. पण त्यातून धडक टळण्याऐवजी ती ठरते. सगळ्यांच्या डोळ्यांवर झाकणं बसवून एक वार्षिक सभा घेऊन बघावी असं मी सुचवणार होतो. मग लक्षात आलं की सभा तशाच चालू आहेत.

थव्याचं गणित त्या मानाने सोपं निघालं. क्रेग रेनल्ड्स नावाच्या अमेरिकन माणसाने 1987 साली संगणकावर खोटे पक्षी उडवून दाखवले आणि त्यांना तीनच नियम दिले. शेजाऱ्याच्या अंगावर जाऊ नकोस. शेजारी जिकडे चालले आहेत तिकडे तोंड ठेव. फार लांब जाऊ नकोस. बस. पडद्यावर हुबेहूब थवा उडू लागला. पुढे 1992च्या बॅटमॅनच्या सिनेमात वटवाघळांचे थवे याच पद्धतीने उडवले. तीन नियमांत एवढं होत असेल तर आमच्या सोसायटीचे उपविधी एवढे जाड का, हा प्रश्न मी अजून सभेत मांडलेला नाही.

थवा म्हटलं की एकी, सहकार, त्याग असं काही बोलायचा मोह होतो. तो विल्यम हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने 1971 साली मोडून काढला. त्याने एक गोल तळं कल्पिलं. काठावर बेडूक बसले आहेत, पाण्यातून साप डोकं काढणार आणि जवळात जवळ असलेल्याला धरणार. आता शहाण्या बेडकाने काय करावं? दोघांच्या मधल्या फटीत उडी मारावी, म्हणजे आपल्या दोन्ही बाजूंना कुणीतरी असेल. पण बाकीचेही शहाणेच. सगळे उड्या मारत राहतात आणि थोड्या वेळात काठावर बेडकांचा ढीग होतो. प्रत्येकाला मध्ये बसायचं आहे आणि कडेला दुसरा बसावा अशी प्रत्येकाची इच्छा आहे, यालाच लांबून बघणारे एकी म्हणतात. मला हा सिद्धान्त पटला तरी आवडला नाही. पण मांदेलीच्या बाजूने एवढं म्हणायला हवं, की स्वार्थासाठी का होईना, ती शेजारणीला धक्का न लावता पोहते. निःस्वार्थ माणसं ज्या उत्साहाने धक्के मारतात ते बघता मला तिचा स्वार्थ चालेल.

अर्थात थव्याची युक्ती बोंबलासाठी आहे. हल्ला करणाऱ्याला एकीवर नजर ठरवता येत नाही, सगळीकडे नुसतं चमचमतं. डोलीपुढे ती युक्ती उलटते. डोलीला एकीवर नजर ठरवायचीच नसते.

आता स्वयंपाकघरात या. मांदेली घरी आणणं सोपं, साफ करणं हा संयमाचा विषय. पापलेट मावशी कापून देते. सुरमईच्या तुकड्या करून देते. मांदेलीचा वाटा पुढे केलात तर ती तुमच्याकडे असं बघते की तुम्हीच लाजून पिशवी मिटता. आमच्या घरी हे काम माझ्याकडे आहे. ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचं, शक्यतो अग्रलेखाचं पान वर ठेवायचं. डोक्याखाली चिमटीत धरून हलकासा झटका द्यायचा, डोक्याबरोबर आतलं सगळं बाहेर येतं. खवले तर नुसत्या पाण्याच्या धारेनेही निघतात; खरखरीत मीठ लावून चोळलं की उरलेले जातात. पहिल्या वीस-पंचवीस मांदेल्या माणूस चवीच्या आशेवर करतो. पुढच्या वैराग्यावर. अर्ध्या तासाने हात आपोआप चालतात, आणि इतर कुठेही सुचणार नाहीत असे विचार सुचतात. हा निबंध त्यातलाच.

अलिबागची आमची आत्या डोकं काढायच्या विरुद्ध होती. "डोक्यात काय विष असतं काय रे? उद्या काटा काढशील, परवा मासाच काढशील." तिचं म्हणणं, मांदेली ही अख्खी खायची वस्तू आहे, हाडामांसासकट. काटे काढत बसणाऱ्याने पापलेट खावं, आणि त्याचे पैसे स्वतः द्यावेत. हळद, तिखट, आलं-लसणीचं वाटण, आगळ, आणि मीठ आधीच, तळल्यावर वरून नव्हे. तांदळाचं पीठ किंवा रवा. तेल चांगलं तापलेलं. तव्यावर मांदेल्या एकमेकींना चिकटून ओळीने लावायच्या, इथेही त्यांना एकटं पाडायचं नाही. कडा लालसर झाल्या की ओळीची ओळ उलटायची. दात लावला की कुरकुर ऐकू आली पाहिजे, पलीकडच्या खोलीत. जेवायला बसायच्या आधीच अर्धी मांदेली उभ्याउभ्याच संपते आणि हे पाप कुणाच्या नावावर टाकायचं हे ठरत नाही, कारण किती होत्या हेच मुळात कुणाला माहीत नसतं. पापलेटाचा एक तुकडा नाहीसा झाला तर घरात चौकशी आयोग बसतो.

तळणं हा मांदेलीचा एकच मोक्ष नव्हे. सीकेप्यांचं भुजणं आहे, ज्यात चिरलेला कांदा, लसूण, मिरची, खोबरं, तेल, कोकम आणि मांदेली सगळं कच्चंच एकत्र कालवून मंद आचेवर ठेवतात आणि मग कुणी डाव घालत नाही, भांडं धरून हलवतात. कोळ्यांच्या घरचं झणझणीत आंबट आहे. आणि पावसाळ्यासाठी सुकवलेली मांदेली आहे. बोंबील वलांडीवर तोंडाला तोंड अडकवून वाळतात, मांदेलीला नुसती जमीन पुरते. सुकी मांदेली भाजायला घेतली की वास जिन्याने खाली उतरतो आणि वरही चढतो. कुणाच्या तोंडाला पाणी सुटतं, कुणी खिडक्या लावून घेतं. टाकीच्या गळतीवर न जमणारी सभा या विषयावर जिन्यातच भरते.

मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै. सरकारने माशांच्या विणीसाठी दिलेली ही सुट्टी संपते न संपते तोच श्रावण येतो आणि माशांना आणखी एक महिना धर्मादाय मिळतो. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात, होड्या बाहेर काढतात, आणि निम्मं गिऱ्हाईक घरी वरण-भात खात बसलेलं असतं. उरलेल्या वर्षात सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी वजा करा. मांदेलीने कधी पंचांग बघितलं तर मराठी माणसाबद्दल तिचं मत चांगलं होईल.

2023 साली महाराष्ट्राने पापलेटाला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. शेकरू राज्य प्राणी, हरियाल राज्य पक्षी, ब्लू मॉर्मन राज्य फुलपाखरू, आणि आता पापलेट. माझी तक्रार नाही. पापलेट कमी होत चाललं आहे, त्याची पिल्लंच जाळ्यात येत होती, सातपाटीचे मच्छीमार हे कधीपासून सांगत होते. मानाबरोबर थोडी राखण मिळाली तर चांगलंच. पण मोठ्या हुद्द्यावर नेमणूक नेहमी एकाची होते. ढिगाला हुद्दा देता येत नाही. मांदेलीला राज्य मासा करायचं ठरवलं असतं तर बोधचिन्हावर किती काढायच्या यावरच समिती अडली असती.

राखणीची गरज मात्र तिलाही आहे. डोलीच्या खोल्याचा आस बारीक, त्यात नखाएवढी पिल्लंही अडकतात. बाजारात अशी बारीक मांदेली कधी कधी रंगहीन लगद्यात दिसते, स्वस्तात स्वस्त, आणि तेवढ्यासाठी लोक घेतात. ज्या माशाला कुणी मोजत नाही तो कमी झाला तरी लवकर कळत नाही. पापलेटाचं एक गेलं तर दिसतं. मांदेलीचा ढीग थोडा बुटका झाला तर आपल्याला वाटतं, आज मावशीने हात आखडता घेतला.

तेव्हा वाचकहो, येत्या बुधवारी बाजारात गेलात की पापलेटाचा भाव विचारून उसासा टाकण्यात वेळ घालवू नका. सरळ मांदेली मागा. सोनेरी असेल, अंग ताठ असेल, तरच घ्या. बोटाएवढीही नसेल तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते मावशीला सांगा. तीही पुढे डोलवाल्याला सांगेल, कारण न खपलेला माल तिच्याच पाटीत उरतो. दोन वाटे घ्या, एकाने भागत नाही. साफ करायला घरातल्या सगळ्यांना बसवा, आणि मीठ आधी लावा.